नानांची पिकअप आणि आतून न उघडणारं दार

एखादी वस्तू घ्यायची नाही असं ठरलं, की गोष्ट तिथंच संपते. घ्यायची असं ठरलं, तरी संपते. पण घ्यायची की नाही हेच ठरत नसलं, की रोज एक नवी गोष्ट होते. सकाळी एक, संध्याकाळी एक! आम्ही एक जुनी पिकअप घ्यायची का, हे महिनाभर ठरवत होतो. गाडी एक, दुरुस्त्या सात, आणि सल्ले देणारे किती ते मी मोजायचं सोडून दिलं.

कारखान्यातल्या बाया अजून म्हणतात, "ती दाराची गोष्ट सांग गो." मी म्हणते, दाराची शेवटी. आधीच्या ऐकल्याशिवाय ती नाय सांगणार.

मी गडबला राहते आणि पेणला गणपतीच्या कारखान्यात कामाला जाते. मूर्ती पॉलिशपेपरनं घासायची, रंग भरायचा, असं काम. आणखी एक आधीच सांगून टाकते, मी घाबरट आहे. ओवी झाल्यापासून तर जास्तच. ओवी म्हणजे माझी मुलगी, तेव्हा अडीच वर्षांची. ती झोपली की मी तिच्या नाकापुढे बोट धरून बघायची. अशा बाईला सगळ्यांनी सांगितलं, "गाडीचं तूच ठरव!"

*

का ठरवायचं होतं, ते ऐका.

आमचे हे बंदरावरून कंटेनर घेऊन जायचे. पंधरा दिवस, कधी सतरा दिवस बाहेर. रोज व्हिडिओ कॉल करायचे. मी मोबाइल ओवीसमोर धरायची, "बाबा बघ, बाबाला पापी दे." ती काचेला पापी द्यायची. काच चिकट व्हायची, पण बापलेकीचं बरं चाललंय म्हणून मी खूश!

एकदा हे अठरा दिवसांनी घरी आले. पिशवी ठेवली, ओवीला उचललं. तिनं भोकाड पसरलं. "आई, काका! काका आले!"

आम्ही हसलो. सासूबाई म्हणाल्या, "अगो, तो तुझा बाबा हाय." ओवीला काही पटेना. मी विचारलं, "मग बाबा कुठाय?"

तिनं कोपऱ्यात बोट केलं. तिथं माझा मोबाइल चार्जिंगला लावला होता.

हे पण हसले. जेवले. मग बराच वेळ ओट्यावर जाऊन बसले. आत आल्यावर एवढंच म्हणाले, "कंटेनरच्या शेठला गुजरातची नवी लाइन मिळालीय. आता महिना महिना लागंल. चार आठवड्यांनी, सोमवारी निघायचंय. त्याच्या आत दुसरं काय तरी बघू."

*

दुसरं म्हणजे ही पिकअप. रोह्याच्या नदीपलीकडे अष्टमीला एक नाना आहेत, त्यांची. बारा वर्षं त्यांनी तिच्यातून गिरणीचे पोहे वाहिले. आता गुडघे गेले म्हणून विकत होते. पैशाचं म्हणाल तर माझी भिशी होती, ह्यांची शिल्लक होती, नाना पण अडून बसणारे नव्हते. प्रश्न पैशाचा नव्हता. प्रश्न गाडी चालेल का, एवढाच होता!

आम्ही बघायला गेलो तर नाना गाडीला साबणानं आंघोळ घालत होते. आमच्या आधी दोन गिऱ्हाइकं आली होती. एकानं टायरला लाथ मारून बघितली, त्याला नानांनी चहा न देता परत पाठवला. दुसऱ्यानं दार जोरात आपटलं. त्याला पाणीसुद्धा नाही!

ह्यांनी दार हळू लावलं. नाना खूश. चहा आला.

मी आत बसून बघितलं. उतरायला गेले तर दार उघडेना. कडी ओढली, ढकललं, खांदा लावला. शेवटी नानांनी येऊन बाहेरून उघडलं.

"डाव्या बाजूचं दार आतून उघडत नाय," नाना म्हणाले. "बाहेरून लोण्यासारखं उघडतं."

"असं कसं चालंल? आत लहान पोर असलं, आणि काय झालं तर?"

"पोर असल्यावर तर चांगलंच. चालत्या गाडीतून उघडणार नाय!"

मी पिशवीतून वही काढली. माझी सातवी झालीय, पण यादी करायला सातवी पुरते. वर लिहिलं, 'पिकअप दुरुस्ती.' खाली एक नंबर घालून लिहिलं, 'दार.'

आणि ह्यांना सांगितलं, "बाकी काय पण राहू दे. पहिलं दार."

*

त्याच दिवशी निघताना मी नानांना हळूच विचारलं. जुनी गाडी म्हटलं की मनात येतंच. "नाना, खरं सांगा. ह्या गाडीत कोण गेलं बिलं तर नाय ना?"

हे माझ्याकडे डोळे मोठे करून बघायला लागले. नाना मात्र शांत.

"गेलं नाय कोण. आलंय एक."

"म्हणजे?"

नानांनी घराकडे तोंड करून हाक मारली. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी बाहेर आली, दोन वेण्या, हातात अर्धी पोळी. नानांची नात.

"ही पिकअपमध्ये झाली. सुनेला दवाखान्यात नेत होतो, पुलावर ट्रॅफिक. मागच्या हौद्यात पोह्याची पोती, पोत्यांवर गोधडी. अर्ध्या पुलावर हिनं हॉर्न दिला!"

नातीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुम्ही माझी गाडी नेणार?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. तिनंच ठरवून टाकलं. "माझ्या वाढदिवसाला आणायची. मी हौद्यात बसून केक कापते."

नाना म्हणाले, "ती अट माझी नाय. मालकिणीची हाय."

*

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी हळूच विषय काढला. कारखान्यात हळूच असं काही नसतंच. पंधरा बाया एका रांगेत बसून घासतात. एकीनं शिंकलं तर शेवटचीला कळतं.

एक म्हणाली, जुनं घेऊ नये. एक म्हणाली, तिच्या भावानं घेतलेली दारातच गंजली, आता कोंबड्या बसतात. एक म्हणाली, हप्त्यानं नवी घ्या. एक म्हणाली, कशाला चार चाकं, रिक्षा घ्या. मी घासता घासता एका उंदराचा कान घालवला.

सुगंधाकाकी रांगेच्या टोकाला. खाडीकडच्या गावची, जन्म मिठागरावर गेलेला, बोलते ती पण खारटच!  तिनं हात थांबवला.

"काय गो, सारखी जुनी जुनी करत्येस? नवरा तरी तू कुठं शोरूममधून आणलास? तो पण सासूनं पंचवीस वर्षं वापरलेलाच ना?"

हशा झाला तो झालाच, पण आतल्या खोलीतून भाऊ बाहेर आले. भाऊ म्हणजे कारखान्याचे मालक. मला वाटलं, आता ओरडणार.

भाऊंनी विचारलं, "गाडी मऊ हाय का?"

कुणाला काही कळलं नाही. भाऊ म्हणाले, "गेल्या वर्षी भाड्याच्या टेम्पोनं माझ्या अकरा गणपतींच्या सोंडा मोडल्या. कडक गाडी. खड्ड्यात गेली की मूर्ती उडते. तुमची गाडी मऊ असली तर सीझनच्या सगळ्या खेपा तुला. रोहा, माणगाव, अलिबाग. नवरा रात्रीच्या जेवणाला घरी."

रात्रीच्या जेवणाला घरी! एवढंच वाक्य घेऊन मी घरी गेले. बाकीचे महिने पोह्याच्या गिरणीचं भाडं नाना लावून देणार होतेच. म्हणजे सगळं आता गाडीवर होतं.

*

मग गाडी पेणला रामवाडीत बाबू मेस्त्रीला दाखवायचं ठरलं. नानांनी चावी दिली. हे चालवायला, मी बाजूला. ओवी घरी सासूबाईंकडे, कारण ओवीला कुठली गाडी सोसत नाही. एसटी असो, रिक्षा असो, बसली की रडते नाहीतर ओकते. झोपणं तर दूरच.

नागोठणं गेलं. गाडी छान चालली होती. मी म्हटलं, "चांगली हाय की!" आणि तेवढ्यात ती बंद पडली. कुठं? गडबला! आमच्याच गावात, नाक्यावर, सगळ्या दुकानांसमोर!

मी पदर पुढे ओढला, पण त्यानं काय होतंय. चहावाले तात्या आले, अजून तिघं आले. "काय रे, डिझेलमध्ये हवा धरली काय?" चौघं मागून लागले ढकलायला. हे स्टेअरिंगवर. मी पण उतरून लागले, म्हणजे तात्यांनी बाहेरून दार उघडल्यावर उतरले.

गाडी हलली. पाच-पंचवीस पावलं गेली. ढकलता ढकलता तात्यांनी विचारलं, "विकायला नेताय का पेणला?"

मी म्हटलं, "नाय तात्या. अष्टमीहून आणलीय. विकत घेतोय."

तात्यांनी हात काढून घेतले. बाकीच्या तिघांना म्हणाले, "थांबा रे. उलट्या बाजूनं लागा. अष्टमी तिकडं!"

*

गाडी चालू झाली आणि रामवाडीला पोचली. बाबू मेस्त्री कमी बोलतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनला लावतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटतो. डॉक्टरच!

मी वही उघडून उभी. तो एकेक सांगत गेला. क्लच प्लेट. रेडिएटर. सायलेन्सर. डिझेलचा पाइप. मागचे पाटे. मी प्रत्येकाला विचारायची, "ह्याच्याशिवाय चालंल का?"

पाचव्यांदा विचारल्यावर त्यानं कानाचा स्क्रू ड्रायव्हर काढला. "वहिनी, ह्याच्याशिवाय माणूस चालंल. गाडी नाय."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक एकदम चांगले."

माझ्या जिवात जीव आला. "बघा, काय तरी चांगलं हाय!"

"नाना तीसच्या वर गेलेच नाहीत," मेस्त्री म्हणाला. "ब्रेक लागायचं काय कारण?"

माझं तरी समाधान होईना. ओवी जिथं पाय ठेवणार तिथला पत्रा खालून गंजला असला तर? मी मेस्त्रीकडून टॉर्च घेतला, साडी खोचली, जमिनीवर गोणपाट टाकलं आणि गेले गाडीखाली. हे "अगं, अगं" करत राहिले. स्क्रू ड्रायव्हरच्या मागच्या बाजूनं मी सगळा पत्रा ठोकून बघितला. एका जागी बोटाएवढं भोक सापडलं.

बाहेर आले तेव्हा केसात ग्रीस, कोपरावर माती. मेस्त्रीला भोक दाखवलं. त्यानं वाकून बघितलं, उठला, आणि ह्यांना विचारलं, "वहिनी कुठं कामाला हायत? आपल्याकडं जागा हाय."

यादीत सातवा नंबर पडला, 'पत्र्याचं भोक.' पण पहिला नंबर दारच!

*

एवढं झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही मेस्त्रीला विचारलंत, बायांना विचारलंत. देवीला कोण विचारणार?"

आमच्या गावदेवीला कौल लावतात. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या कळ्या चिकटवतो. आपण प्रश्न विचारायचा आणि बसून राहायचं. उजवी कळी पडली तर हो. डावी पडली तर नाही.

सासूबाई ओली साडी नेसून बसल्या. "आई, पोरानं गाडी घ्यावी का?"

दहा मिनिटांनी डावी पडली.

सासूबाई हलल्या नाहीत. गुरव म्हणाला, "आजी, झालं." त्या म्हणाल्या, "परत लाव. दुसरं विचारायचंय." परत कळ्या लावल्या. सासूबाईंनी विचारलं, "मग पोराला गुजरातला कंटेनरवर धाडू का?"

परत डावी!

गुरव डोकं खाजवायला लागला. सासूबाईंनी नारळ उचलला, नमस्कार केला आणि घरी आल्या.

मी दारातच उभी. "काय म्हणाली?"

"दोन्हीला नाय म्हणाली."

"अगो बाई! मग आता?"

सासूबाईंनी नारळ माझ्या हातात दिला. "आता काय. तुमचं तुम्ही ठरवा म्हणाली, आणखी काय!"

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की आता कुणालाच विचारायचं नाही. जे काय बघायचं ते आपल्या डोळ्यांनी बघायचं, आणि सोमवारच्या आत तोंडानं सांगायचं. घाबरून तर घाबरून, पण सांगायचं.

*

आणि सांगायची वेळ नेमकी कधी आली बघा!

आमच्या कारखान्यात डोळे आखायचं काम फक्त भाऊंचं. मूर्ती पूर्ण रंगून झाली की सगळ्यात शेवटी डोळे. भाऊ श्वास रोखून बारीक ब्रशनं रेघ ओढतात. त्या वेळी खोलीत पंखा बंद, आणि कुणी बोलायचं नाही. शब्द नाही! एकदा एकीला खोकला आला तर ती तोंडात पदर कोंबून अंगणात पळाली होती. आणि एक डोळा झाला, दुसरा बाकी, अशा वेळी तर जागचं हलायचंसुद्धा नाही. असाच नियम आहे, पहिल्यापासून.

भाऊंच्या समोर मोठी मूर्ती. मी शेजारी रंगाची वाटी धरून. एक डोळा झाला होता.

माझा मोबाइल कमरेला घूं घूं करायला लागला. तो आवाज बंद व्हावा म्हणून मी एका हातानं उचलला आणि कानाला लावला.

हे गाडी परत द्यायला अष्टमीला गेले होते, तिथून बोलत होते. "ऐक. माणगावचा एक जण रोख पैसे घेऊन नानांच्या दारात उभा हाय. नाना म्हणतात, आत्ताच्या आत्ता सांगा. घ्यायची का?"

भाऊंचा ब्रश दुसऱ्या डोळ्यावर टेकला होता.

"हॅलो? अगं बोल की. घेऊ का?"

मी वाटी धरून उभी.  मान हलवली, पण मान हललेली फोनमध्ये कशी दिसणार!

"बरं... म्हणजे नाय म्हणतेस. समजलं. तुला भीती वाटते, मला माहीत हाय. ठीक हाय. नाय सांगतो." फोन कट!

भाऊंनी रेघ पूर्ण केली. ब्रश उचलला. श्वास सोडला. आणि मी त्या बंद फोनमध्ये जोरानं ओरडले, "घ्याऽऽऽ!"

सुगंधाकाकीच्या हातातून पॉलिशपेपर पडला. भाऊ छातीवर हात ठेवून म्हणाले, "बाई, दुसऱ्या डोळ्यानंतर ओरडलीस हे माझं नशीब. नायतर गणपती तिरळा झाला असता!"

मी परत फोन लावला. हे उचलेनात. लावला, लावला, पाचव्यांदा ह्यांचा फोन नानांनीच उचलला.

मी रडायच्या बेतात. "नाना, गाडी दिलीत?"

"नाय दिली."

"पण ह्यांनी तर तुम्हाला सांगितलं, मी नाय म्हटलं..."

"त्यानं सांगितलं खरं. मी त्याला विचारलं, ती तोंडानं 'नाय' बोलली का? तो म्हणाला, कायच बोलली नाय." नाना मोठ्यानं हसले. "मी माणगाववाल्याला सांगितलं, जा बाबा. माझ्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. बायकोला 'नाय' म्हणायचं असलं, तर ती गप्प बसत नाय!"

*

तरी मी नानांना पक्का शब्द दिला नाही. फोनमध्ये 'घ्या' ओरडले होते खरी, पण रात्री अंथरुणावर पडले की परत यादीचे सात नंबर डोळ्यांसमोर. शिवाय भाऊंचं राहिलं होतं. गाडी मऊ आहे का?

हे गाडी परत रामवाडीला घेऊन आले आणि भाऊ बघायला आले. बाबू मेस्त्री पाट्यांकडे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांकडे, बोट करून म्हणाला, "हे बसलेत. पहिले बदला. नवे टाका, गाडी कशी ताठ उभी राहील."

भाऊंनी हौद्यावर दोन्ही हात ठेवून गाडी दाबली. गाडी खाली गेली आणि सावकाश वर आली. म्हशीनं बसून उठावं तशी. भाऊंचे डोळे चमकले.

"पाट्यांना हात लावायचा नाय."

"अहो, बसलेत!"

"बसलेत म्हणून तर हवी हाय! ताठ गाडीत सिमेंट वाहा. मला गणपती न्यायचेत."

मेस्त्रीच्या आयुष्यात असं गिऱ्हाईक आलं नसेल. तो मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही सांगा."

मी विचारलं, "बसलेत, का तडा गेलाय?"

त्यानं परत टॉर्च मारून एकेक पाटा पुसून बघितला. "तडा नाय."

मी वहीतला पाट्यांचा नंबर खोडला. मेस्त्री पुटपुटला, "जन्मात पहिल्यांदा दुखणं ठेवून पेशंट घरी पाठवतोय!"

भाऊ म्हणाले, "रविवारी कच्ची मूर्ती घालून अष्टमीपर्यंत जाऊ. सोंड शाबूत राहिली तर खेपा तुझ्या. मोडली तर मला बोलू नका."

रविवार. आणि सोमवारी शेठ ह्यांची वाट बघणार होता.

*

आता दाराची गोष्ट.

रविवारी सकाळी हौद्यात भाताचा पेंढा पसरला आणि त्यावर शाडूची मूर्ती ठेवली. रंग नाही, नुसती सुकलेली माती. हातभर उंच, सोंड बारीक, एक हात वर. दोरी बांधायची नाही असं भाऊंचं म्हणणं. मूर्तीजवळ मी बसले, कारण खड्डे मला मोजायचे होते. पुढे हे, आणि ओवीला मांडीवर घेऊन भाऊ. सासूबाईंना त्या दिवशी ताप होता, ओवीला ठेवणार कुठं? मी भाऊंच्या हातात टॉवेल, पिशवी, लिंबू, सगळं दिलं. "ओकली तर हाक मारा." तिला खेळायला माझा मोबाइलपण दिला.

ओवी भाऊंना 'काका' म्हणत होती. ह्यांना पण 'काका' म्हणत होती. दोन काकांबरोबर निघाली!

गडबच्या नाक्यावर तात्यांनी ओरडून विचारलं, "ढकलू का?" हे थांबले नाहीत.

पुढच्या खड्ड्यात गाडी बसली, आणि सावकाश उठली. मी मूर्तीकडे बघत होते. सोंड जागेवर. हात जागेवर. पण उंदराची शेपूट... शेपटीचा तुकडा पेंढ्यावर पडला होता!

 तुकडा उचलून मुठीत धरला. पेंढ्यात टाकला असता तर कुणाला कळलं असतं? पण तशी गाडी घेऊन मी रोज कशी झोपणार होते? मूठ घट्ट आवळली आणि बसून राहिले.

नागोठण्याला चहाला थांबलो. हे त्यांच्या बाजूनं उतरले आणि वळसा घालून डाव्या दाराशी आले. काचेवर बोटानं वाजवलं. टकटक! आत ओवी दचकली. ह्यांनी मोठा आवाज काढला, "कोण हाय आत? दार उघडू का?" आणि बाहेरून दार उघडलं. ओवी खदखदून हसली. "परत!" दार लावलं. टकटक! परत उघडलं. चहा गार होईपर्यंत हेच चाललं होतं. तिथून निघाल्यावर थोड्या वेळानं मी मागच्या काचेतून वाकून बघितलं. ओवी भाऊंच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपली होती. चालत्या गाडीत! मी काचेतूनच तिचं पोट हलतंय का ते बघितलं. हलत होतं.

अष्टमीला नाना दारातच उभे होते. ह्यांनी हळूच दार उघडून दिलं. भाऊ उतरले, ओवीला सीटवर निजवलं, काच अर्धी खाली ठेवली, दार अलगद लावलं. आम्ही सगळे मागे आलो. नानांनी हौद्याचा मागचा फाळका पाडला.

भाऊंनी चष्मा लावला. सोंड बघितली, वाकून खालून बघितली. कान. बोटं. वरचा हात. कुणी बोलेना. डोळे आखताना असतं तसं.

मला राहवेना. मी मूठ उघडून पुढे केली. "भाऊ, हे तुटलं. गडबजवळ."

भाऊंनी तुकडा बघितला. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "उंदराची शेपूट होय! ती तर कारखान्याच्या उंबऱ्यातच तुटते. तिला कोण धरतंय? सोंडेला केसाएवढी चीर नाय." चष्मा काढला. "मऊ हाय गाडी. खेपा तुमच्या."

हे माझ्याकडे बघत राहिले. नाना पण. सगळे पण. मी वही काढली. पहिला नंबर, दार. दुसरा, क्लच प्लेट. तिसरा...

"आता तू सांग," हे म्हणाले. "उद्या सकाळी शेठला काय कळवू?"

तेवढ्यात पुढून धपधप आवाज आला. ओवी उठली होती. सीटवर उभी राहून काचेवर दोन्ही हात आपटत होती. मी धावले, कडीला हात घातला.

"तू नको!"

"अगं, आई हाय ना."

"तू नको!"

भाऊ पुढे झाले. प्रवासभर तिला मांडीवर घेतलं होतं बिचाऱ्यांनी. "तू नको!" नाना हसत आले, गाडी त्यांची, दार त्यांचं. "तू पण नको!"

मोबाइल तिच्या पायाशी सीटवर पडला होता. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. अर्ध्या काचेतून हात बाहेर काढला आणि बोट केलं सरळ मागे, फाळक्याजवळ उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे.

"बाबा! दार!"

हे जागचे हलेनात. मग आले. हात पँटला पुसला. काचेवर वाजवलं, टकटक. "कोण हाय आत?" म्हणायचं विसरले. नुसतंच दार उघडलं.

मी तोंडानं सांगितलं, "शेठला नाय कळवा, गाडी घेतोय." बोनेटवर वही ठेवली. पहिल्या नंबरावरचं 'दार' खोडलं, आणि ते सगळ्यात खाली लिहिलं.